निवाऱ्यातील इन्सुलिन आणि ताटाची वेळ

औषधे मोफत मिळाली की बेघर निवारा केंद्रातले मधुमेही स्वतःची काळजी घेतील, हे मत मला अर्धेच पटते. पथ्याचा तक्ता भिंतीवर लावण्याआधी जेवणाची वेळ पक्की हवी. कारण इन्सुलिन टोचल्यावर ताट लांबले, तर साखर झपाट्याने उतरते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, आणि माणूस शुद्धीवर आहे तोवरच त्याला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी लागते.

शिवाय वापरातली बहुतेक इन्सुलिनची कुपी सुमारे २८ दिवस टिकते ती ३० अंशांखाली, आणि मे महिन्यात परभणीत पारा चाळिशी ओलांडतो. फ्रिज नसल्याने आम्ही एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मध्ये वाळू भरली, आत झाकणाच्या कोरड्या डबीत कुपी ठेवली. वाळू भिजवण्याचे काम इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांनीच अंगावर घेतले आहे.