देवी काढायला आलेल्या सरकारवर लोकांनी भरवसा का ठेवायचा होता?

सत्तरीकर
परवा तुळशीच्या लग्नाला गावी गेलो होतो, नातवाच्या लसीचं कार्ड कोणीतरी बाहेर काढलं आणि काका लगेच म्हणाले, पूर्वीचे लोक एवढे अडाणी की देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, माणूस आला की पोरं लपवायचे. मला ते झोंबलं कारण आमची आजी त्या लपवलेल्या पोरांतलीच. गोव्यातली, पोर्तुगीज वेळची गोष्ट. तिच्या आईने तिला भाताच्या कणगीमागे गोणपाटाखाली बसवलं होतं तरी सापडली. दंडावरचे दोन वण शेवटपर्यंत होते, गोल, खोलगट, मध्ये जाळी पडल्यासारखे. ती सांगायची की टोचणारा एकटा आला नव्हता, रेजिदोर, म्हणजे गावातला सरकारी अंमलदार, बरोबर होता, आणि रेजिदोर एरवी दारात यायचा तो काहीतरी वसूल करायलाच.

आता सांगा, जिथे पोर्तुगीज सरकारविरुद्ध १८५२ ला दीपाजी राणे उठले, १८९५ ला दादा राणे उठले, ज्या गावांनी सरकारी शिपाई कशाकशाला आलेले पाहिले, तिथे त्याच सरकारचा माणूस हत्यार घेऊन पोराचा दंड धरतो म्हटल्यावर आई काय करणार? माझं ठाम मत आहे की लोक लसीला घाबरले नाहीत, लस घेऊन येणाऱ्याला घाबरले. सक्ती केली तिथेच लस बदनाम झाली.

मांडवीकाठ
सत्तरीकर, आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हे पटत नाही. देवी लागलेल्या दहातले तीन जण मरायचे, उरलेल्यांचे चेहरे जायचे, कित्येकांचे डोळे गेले. रोग काय लोकांचा सरकारवर विश्वास बसेपर्यंत थांबणार होता?

आणि परकं सरकार म्हणून विरोध झाला असं म्हणता तर इंग्लंडचं काय? तिथे १८५३ ला तान्ह्या पोरांना लस सक्तीची केली, सरकार त्यांचंच, भाषा त्यांचीच, तरी १८८५ ला लेस्टरमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. आपल्या स्वतंत्र भारतातही १९७०च्या दशकात शेवटच्या मोहिमेत रात्री घरात शिरून टोचल्याचे प्रसंग झालेत. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी नाही तो त्या रेट्यामुळेच. कोणी तरी कठोर व्हावंच लागतं.

पेडणेकर
लेस्टरचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं हो. तिथे लोक ओरडले म्हणून १८९८ ला पार्लमेंटने कायदा बदलला, ज्याचं मन मानत नाही त्याला सूट दिली. आमच्याकडे ओरडायचं कुणाकडे? त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे शिपाई घरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी झाली आणि शेवटी प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या रँड सायबाचा खून पडला.

केंद्रातली ताई
पेडणेकर, रँडचं प्रकरण झडती आणि विलगीकरणाचं होतं, लसीचं नव्हे, ते एकत्र करू नका प्लीज. उलट त्याच १८९७च्या जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग लोकांपुढे गेला. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मी वीस वर्षं आरोग्य केंद्रात लसी देते म्हणून एक गोष्ट सांगते जी इथे कोणीच बोललं नाही, लस दिली कशी जायची. तेव्हा ना बाटली ना फ्रीज. १८०२ ला बसऱ्याहून लस मुंबईत आली, १४ जूनला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली आणि मग तिच्या हातावर आलेल्या फोडातलं पाणी काढून पुढच्या पोरांना. असंच दंडावरून दंडावर. म्हणजे टोचलेलं पोर साधारण आठव्या दिवशी पुढच्या गावाला न्यायचं, फोड भरलेला, दुखरा, त्यात सुरीचं टोक घालून पाणी काढायचं आणि समोरच्या पोराच्या खरवडलेल्या कातडीवर लावायचं. ज्याचा फोड फोडला त्याच्या आईला त्यात काय मिळत होतं? स्पेनने तर १८०३ ला २२ अनाथ मुलगे जहाजावर घातले, फक्त लस जिवंत ठेवायला. शिवाय एकाचा आजार दुसऱ्याला जायची भीती खोटी नव्हती, युरोपात उपदंश असा पसरलेला आहे. त्या आयांना अडाणी म्हणणं मला जमणार नाही.

मांडवीकाठ
ताई, हे नीट माहीत नव्हतं, मान्य. पण पुढे वासराच्या अंगावरची लस आली, पोरं न्यायची गरज संपली, तरी लपवणं चालूच राहिलं ना? आणि गोव्यात तर १८४२ पासून पणजीला एस्कोला मेदिका, म्हणजे डॉक्टरकीची शाळा, होती, आपलीच माणसं डॉक्टर होत होती, गोरा सायब कुठे होता?

पेडणेकर
आपली म्हणजे कोण? बहुतेक जुन्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या भागातले, आणि शिकून झाल्यावर त्यातले कितीतरी मोझांबिक-अंगोलाला सरकारी नोकरीवर गेले. पेडणे, सत्तरी, काणकोण इथल्या माणसाला पणजीचा डॉक्टर म्हणजे सरकारच.

सत्तरीकर
ताई, तुमचं वाचून आजीची पुढची गोष्ट आठवली, मघाशी लिहायची राहिली. काही वर्षांनी टोचणारा परत आला तेव्हा गावच्या सुईणीने स्वतःच्या नातवाला सगळ्यांत आधी अंगणात पाटावर बसवलं, दंड स्वतः धरला, पोर रडलं तसं पदराने वारा घातला आणि बायकांना म्हणाली बघा, एवढंच. आजीच्या आईने धाकट्या मुलीला स्वतः उचलून नेलं. तीच बाई जिने आजीला कणगीमागे लपवलं होतं! त्या दिवशी रेजिदोर आलेला नव्हता.

मांडवीकाठ
सुईणीला मानलं. पण पहिल्या खेपेला आजी सापडली नसती आणि सुईण तयार होईपर्यंत मधल्या वर्षांत गावात देवी आल्या असत्या तर? त्याचंही उत्तर द्या, मला खरंच ऐकायचंय.