मदत हवी आहे: ब्लेंडरमधला पन्हळी पत्रा खरा वाटत नाही

नमस्कार मंडळी. इंदूरच्या सांवेर रोडवरचं एक गोदाम रेंडर करतोय, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये. बाकी सगळं जमलं, पत्र्यापाशी गाडं अडलंय.

आधी वेव्ह टेक्स्चर (लाटांचा नमुना) बंपला (उंचसखल भास देणाऱ्या नोडला) जोडून पन्हळी काढल्या. समोरून झकास! पण बंपने नुसती छटा बदलते, आकार नाही. छपराची कड पट्टीने आखल्यासारखी सरळच राहिली. मग एक पन्हळ मेशमध्ये (खऱ्या थ्रीडी जाळीत) काढून तिच्या ओळीने प्रती करणारा अ‍ॅरे मॉडिफायर लावला, दोन शिरांत ७५ मिमी, खोली साधारण १८. कड सुधारली. पण आता पत्रा नव्या कंपासपेटीसारखा चकचकतो. मेटॅलिक (धातूपणा) १, रफनेस (खरखरीतपणा) ०.३५ आहे.

काल रामबागेत आमच्या गच्चीवरून शेजारची शेड तासभर न्याहाळली. आई म्हणाली, पत्र्यात काय मेलं बघायचं? पण आहे की! जस्ताची फुलं (मुलाम्यावरची स्फटिकांची नक्षी), प्रत्येक पाकळी वेगळ्या कोनात चमकणारी. आणि गंज वाट्टेल तिथे नाही: स्क्रूच्या वायसरखाली, दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या कडेला, आणि तिथून खाली तांबूस ओघळ.

फुलांसाठी व्होरोनॉय (तुकड्या-तुकड्यांचा नमुना) रफनेसला जोडलं तर मोझॅकची फरशी झाली. ते नॉर्मलला (पृष्ठभागाच्या दिशेला) द्यायचं का? आणि ओघळ हाताने रंगवायचे की नोड्सनी (मटेरियलचे ठोकळे जोडून, आपोआप) जमतात? ३२० स्क्रू आहेत हो. लॅपटॉपला रॅम ८ जीबीच, तेव्हा अ‍ॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (जाळी आपोआप बारीक करणारं, रॅम खाणारं) कृपया सुचवू नका.