अनुभव धागा : टीमसाठी प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर कसं निवडलंत?

धागाकर्ती
ठाण्यात आमचा इंटिरिअरचा छोटा व्यवसाय, आम्ही आठ जण. आजवरचा सगळा कारभार एका गूगल शीटवर. परवा एक ओळ पिवळी दिसली. पिवळं म्हणजे 'क्लायंटने रंग पक्का करायचाय' की 'सुताराचे पैसे द्यायचेत', यावर अर्धा तास हुज्जत झाली, आणि सुतार दारात उभा! आता सॉफ्टवेअर घ्यायचंच असं ठरलंय. फीचरच्या याद्या नकोत, त्या कंपन्यांच्या साइटवर ढिगाने आहेत. काय घेतलंत, कुठे फसलात, काय टिकलं ते लिहा.

हिंजवडीकर
फसल्याचंच सांगतो. चाळीस जणांची टीम, सॉफ्टवेअर नामांकित. नाव घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. साहेबांनी ते बसवताना एकही सोय वाया जाऊ दिली नाही. एक बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, नोंदवायचा तर सतरा रकाने सक्तीचे. त्यात 'मूळ कारण' हासुद्धा सक्तीचा, म्हणजे बग सापडल्या सापडल्या तो का आला तेही सांगा. मग टेस्टिंगवाले टपरीवर चहा पिता पिता तोंडीच बग सांगायला लागले. टिकिटं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कामांच्या नोंदी, सोमवार ते गुरुवार गाढ झोपलेली. शुक्रवारी साडेचारला, रिपोर्ट जायच्या आधी, सगळ्यांना एकदम जाग यायची.

पुढे नवी टीम लीड आली. तिने सॉफ्टवेअर बदललं नाही, चौदा स्टेटसची चार केली : करायचंय, चालू, तपासणीत, झालं. सक्तीचे रकाने तीन ठेवले. शुक्रवारचा एक्सेल रिपोर्ट बंद करून टाकला, बघायचं तर बोर्ड उघडा, म्हणजे सॉफ्टवेअरमधला तो फळा, जिथे प्रत्येक कामाचं कार्ड त्याच्या स्टेटसच्या रांगेत दिसतं. साहेब स्वतः रोज बोर्ड बघायला लागले तेव्हा कुठे बाकीचे वेळेवर भरायला लागले.

साइटवरचा
आमचं बांधकाम. इथे नुसती कार्डं सरकवून भागत नाही. स्लॅब पडल्याशिवाय वरचे कॉलम नाहीत, भिंतीत वायरिंगचे पाइप गेल्याशिवाय प्लास्टर नाही. म्हणून बार चार्ट (तारखांवर आडव्या पट्ट्यांनी मांडलेली कामं) आणि क्रिटिकल पाथ (ज्यातलं एकही काम लांबलं तर सगळा प्रोजेक्ट लांबतो अशी कामांची साखळी). १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्युपाँट या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत बसवली, आमचं अजून तिच्यावरच चालतं. मोठ्या कामाच्या निविदेत बऱ्याचदा प्रिमाव्हेरा हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअरच मागतात, लहान कामाला मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट पुरतं. स्लॅब चार दिवस लांबला की खालच्या तीस ओळी आपोआप सरकतात, आणि लिफ्टवाल्याला आजच फोन करायचा की थांबायचं ते कळतं. ताई, तुमच्याकडेही फॉल्स सीलिंगच्या आधी वायरिंग लागतंच. तेव्हा एका कामाची तारीख हलवून बघा, त्याच्यावर अडलेली कामं हलतात का. नाही हललीत तर ती रंगीत शीटच आहे, फक्त भाडं भरून.

सुपरवायझरच्या हातात अ‍ॅप द्यायचा नाद आम्ही दोनदा केला. सिमेंटच्या हातांनी 'किती टक्के पूर्ण' कोण भरत बसणार? तो आता संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि एक ओळ टाकतो : "बी विंग तिसरा, शटरिंग निम्मं." ऑफिसातला प्लॅनर ते चढवतो. एक माणूस त्यात अडकतो खरा, पण आकडे खरे येतात.

मुक्काम सर्व्हर रूम
सरकारी क्लायंट, डेटा आपल्याच सर्व्हरवर हवा. रेडमाइन. कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर, २००६ पासूनचं, मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला), दिसायला तलाठी कार्यालय. चर्चा संपली. बॅकअप कोण घेणार हे मात्र पहिल्या दिवशी ठरवा. आम्ही आठव्या महिन्यात ठरवलं. का ते विचारू नका.

अंकवाली
आमचा दिवाळी अंक. सहा जण, सगळे नोकऱ्या सांभाळून. ट्रेलो या कार्डांच्या बोर्डावर रांगा केल्या : मागवला, आला, संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, छापायला. दरवर्षी गणपती झाले की लेखांचा लोंढा येतो आणि मुद्रितशोधनात तुंबतो, कारण ते करणाऱ्या काकू एकट्या. बोर्डावर तो तुंबारा नुसता दिसायला लागला, हटला नाही. मग नियम केला : त्या रांगेत एका वेळी पाचच कार्डं. सहावा लेख संपादकाने स्वतःकडे ठेवायचा, आणि हात रिकामा असेल तर काकूंचा एक लेख वाचून द्यायचा. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. टोयोटाच्या कारखान्यातलं मूळ कानबान म्हणजे जवळपास हेच, पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल ढकलायचा नाही, हे मला फार नंतर कळलं.

काकू ट्रेलो उघडत नाहीत ते नाहीतच. त्यांच्या कपाटाच्या दारावर पाच चिठ्ठ्या असतात. रोज रात्री फोटो येतो.

न्यू जर्सीतून
निम्मी टीम पुण्यात. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. मी उठते तेव्हा तिकडे दिवस कलायला लागलेला असतो. त्यामुळे आम्ही चार्टबिर्ट बघितलेच नाहीत. कामाखाली नीट लिहिता येतं का, जुनं लिहिलेलं शोधून सापडतं का, एवढंच बघितलं.

दोन कोरड्या गोष्टी. सॉफ्टवेअरचं भाडं माणशी असतं, तेव्हा नुसतं डोकावणाऱ्या क्लायंटचेही पैसे पडतात का ते विचारा. जिरा या टिकिटांच्या सॉफ्टवेअरची फुकट योजना दहा जणांपुरती आहे, तुम्ही आठ आहात म्हणून बरं. आणि ट्रायलच्या पहिल्याच दिवशी सगळा डेटा बाहेर काढून बघा. आम्ही एक सॉफ्टवेअर सोडताना शीटमध्ये कामांची नावं आणि तारखा आल्या, दोन वर्षांची चर्चा आणि फाइली तिथेच राहिल्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. एकाच साइटचं काम, दोन सॉफ्टवेअर, पंधरा दिवस, असं ठरवलंय. तारीख हलवून बघणार आणि डेटा काढूनही बघणार. सुताराला व्हॉट्सअ‍ॅपच.

आणि पिवळ्याचा उलगडा झाला. मागच्या वर्षीच्या इंटर्नला फोन केला. तिने वाचायला सोपं जावं म्हणून एकाआड एक ओळी रंगवल्या होत्या.