गाडीचा विमा: काय घेतलं, काय सोडलं, क्लेमच्या वेळी काय झालं? नागपूरकरांनो, अनुभव सांगा

माझ्या गाडीची पॉलिसी पुढच्या आठवड्यात संपून राहिली आहे. एजंटभाऊंनी तीन कोटेशनं धाडली: 7,200, 9,600 आणि 12,900. तिन्हींत थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा विमा) आकडा तोच, 3,416 आणि वर जीएसटी. 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला तो ठरलेलाच, कोणत्याही कंपनीकडे जा. म्हणजे खेळ सगळा उरलेल्या रकमेचा. ती कशासाठी द्यायची हे जाहिरातीतून कळत नाही, क्लेम केलेल्या माणसाकडूनच कळतं. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात. कोणत्या भागात राहता ते मात्र लिहा. मी प्रतापनगर.

अंबाझरी लेआऊट

भाग सांगितला म्हणजे अर्धी कहाणी कळलीच असेल. 23 सप्टेंबर 2023, शनिवारची पहाट. तलाव ओसंडला, नाग नदी गल्लीत शिरली. कुत्रं भुंकायला लागलं म्हणून उठलो, तर पोर्चमधल्या गाडीच्या सीटपर्यंत पाणी. आम्ही वरच्या मजल्यावर आणि खाली अंधारात गाडी आपोआप हॉर्न वाजवत होती. तो आवाज अजून कानात आहे.

पाणी उतरल्यावर समोरच्या काकांनी ‘पाहू तर, चालू होते का’ म्हणत चावी फिरवली. मीही फिरवणारच होतो. पण गॅरेजवाल्या पोराला आधी फोन लागला आणि तो ओरडलाच, “भाऊ, चावी खिशात ठेवा, बॅटरीची वायर काढा!” इंजिनात पाणी असताना सेल मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचंही नुकसान धरणाऱ्या विम्यात, पुराचं नुकसान धरलेलं असतं. पण वाकलेला रॉड पुरामुळे नाही, सेल मारल्यामुळे, असं नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरचं म्हणणं. काकांचं वायरिंग, सीट, कार्पेट पास झालं, इंजिन नाही. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे असं इंजिनाचं नुकसान भरून देणारं जादा कव्हर, त्यांच्याकडे नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं, मला फक्त फोन आधी लागला.

गाडी टो करून नेली ती दिवाळीच्या तोंडावर परत मिळाली. अर्ध्या पश्चिम नागपूरच्या गाड्या एकदमच वर्कशॉपात, कोण कोणाला घाई करणार? तेव्हापासून इंजिन प्रोटेक्ट दरवर्षी, न विचारता.

काटोल रोड

आपली गाडी बारा वर्षं जुनी. म्हटलं, हिले काय होते, थर्ड पार्टी पुरे. गारपीट आली अन् बोरायेवढ्या नाही, संत्र्यायेवढ्या गारा पडल्या बाप्पा! पुढची काच गेली, टपाले खड्डे. एजंटले फोन केला तर तो म्हणे, थर्ड पार्टीत तुमच्या गाडीचं काहीच नसते, समोरच्याचं असते. काच घरून भरली. खड्डे तसेच आहेत. तरी यंदाही थर्ड पार्टीच काढली, कारण गाडीची किंमतच आता तेवढी राहिली नाही. मले ते चूक वाटत नाही.

मनीषनगर

झिरो डेपबद्दल लिहिते, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता क्लेम देणारं जादा कव्हर. वर्धा रोडवर मागून ठोकणारा पळून गेला. बिल 31,000. कॅशलेस आहे म्हणून मी निवांत, तर काउंटरवर सांगितलं 12,000 भरा. बंपर, दिवे, सगळं प्लास्टिक, त्यावर सरळ 50 टक्के घसारा. रंगाच्या मालावरही. काचेला घसारा लागत नाही. शिवाय 1,000 रुपये प्रत्येक क्लेमला आपलेच (1500 सीसीच्या वर असेल तर 2,000). झिरो डेप असतं तर हे हजार आणि किरकोळ काही एवढंच गेलं असतं. ते पण पाच-सात वर्षांच्या गाडीपर्यंतच सहज मिळतं आणि वर्षात किती क्लेम चालतील तेही बघा, माझ्या आताच्या पॉलिसीत दोनच आहेत.

त्रिमूर्तीनगर

ताई, 7,200 वाल्या कोटेशनमधली आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, पाहा आधी. माझी गाडी घरासमोरून चोरीला गेली. प्रीमियम कमी दिसावा म्हणून एजंटने आयडीव्ही खाली ओढली होती आणि मी खुशीत सही केली. वाचले असतील हजार-बाराशे, बुडाले सत्तर हजार. चोरीत कंपनी आयडीव्हीच देते, बाजारभाव नाही. आणि दोन्ही चाव्या मागतात. एक चावी हरवली असेल तर आजच तक्रार नोंदवून ठेवा.

मानकापूर

जुनी गाडी घेतली, आरसी नावावर केली, पेढे वाटले. विमा आधीच्या मालकाच्या नावावरच राहिला. 14 दिवसांत बदलायचा असतो, हे कोणी सांगितलंच नाही. दोन महिन्यांनी छिंदवाडा रोडवर नीलगाय आडवी आली. क्लेम नामंजूर, आणि भांडायला जागाच नव्हती.

मनीषनगर (पुन्हा)

दादा, उलट बाजूही आहे. आम्ही गाडी विकली तेव्हा नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) पत्र मागून घेतलं. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियमवर, 50 टक्के सूट मिळाली. फक्त पॉलिसी संपून 90 दिवस उलटू देऊ नका, नाहीतर पाच वर्षांचं पुण्य शून्य.

हिंगणा रोड

बाहेरून सीएनजी किट लावलेल्यांनी आरसीवर नोंद केली म्हणून थांबू नका, पॉलिसीवरही चढवा. माझ्या मेव्हण्याचा क्लेम याच कारणाने अडला. तक्रार विमा लोकपालांकडे नेली. आपल्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे, कागद तिकडेच पाठवावे लागले. अजून निकाल नाही.

प्रतापनगर (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी तिन्ही कोटेशनं टेबलावर मांडून बसले. 7,200 वाल्यात आयडीव्ही खरंच 60 हजारांनी कमी निघाली, त्रिमूर्तीनगरच्या दादांना नमस्कार. 12,900 मध्ये चावी हरवल्याचं, गाडीतलं सामान गेल्याचं, टायरचं असं बरंच कोंबलेलं होतं. ते काढायला सांगितलं. झिरो डेप ठेवलं, गाडी चार वर्षांची आहे. इंजिन प्रोटेक्टवर एजंटभाऊ म्हणाले, “ताई, प्रतापनगरात कुठं पाणी भरते?” म्हटलं, भाऊ, आमचं पार्किंग तळघरात आहे आणि पाणी उपसायची मोटर जुलैत दोनदा जळली. 640 रुपये वाढले. लावा म्हटलं.