नागपूरच्या उन्हाळ्यात लघुमूर्तींना कोणता वॉश द्यावा?

मूळ मत:
१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईतील भोसल्यांचे आणि कंपनीचे शिपाई मी २८ मिलिमीटरच्या लघुमूर्तींत रंगवीत आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा पाण्यातला तयार वॉश, म्हणजे खाचांत उतरून सावली दाखवणारा पातळ रंग, अंगरख्याच्या चुण्यांत पुरता उतरण्याआधीच वाळू लागतो आणि पांढऱ्या कापडावर कपबशीखाली चहाचे कडे उमटावे तशी तपकिरी कड उरते. म्हणून उन्हाळ्यात तैलवॉशच वापरावा, असे माझे ठाम मत आहे. ॲक्रिलिक रंगावर आधी चमकदार वार्निश चढवावे, ते पूर्ण वाळल्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तैलरंग सोडावा आणि थोड्या वेळाने कापसाच्या काडीने उंचवटे पुसून घ्यावेत. सावली खाचांत तेवढी राहते.

असहमती:
हा दोष वॉशचा नाही, तो देण्याच्या पद्धतीचा आहे. 'नुल्न ऑइल' या काळ्या वॉशच्या नावात तेल असले तरी तो पाण्यातलाच आहे, आणि तो किंवा तपकिरी 'अग्रॅक्स अर्थशेड' सबंध मूर्तीवर एकदम फासला, तर कोणत्याही ऋतूत डाग पडणारच. त्यात मीडियम (रंग पातळ करणारे बिनरंगी द्रव) आणि रिटार्डरचा (वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंब मिसळावा, एका वेळी एकच बाही घ्यावी आणि साचलेला थेंब कोरड्या ब्रशने लगेच टिपावा. दुपारी दारे लावून बसावे लागणाऱ्या घरात टर्पेंटाइनचा वास कोंडतो, शिवाय ते ज्वलनशील असते. मुलाबाळांच्या घरात मी ते उघडणार नाही.

आणखी एक मत:
तेल की पाणी, यापेक्षा रंगाची निवड महत्त्वाची आहे. कंपनीच्या शिपायांच्या लाल कोटावर काळा वॉश दिला की लाल रंग मळकट दिसतो. तिथे तांबूस तपकिरीच शोभतो. काळा वॉश बंदुकीच्या नळीसाठी आणि तलवारीच्या पात्यासाठी ठेवावा. छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांना तर वॉश देऊच नये, केवळ त्यांच्या कडेने बारीक ब्रशने एक रेघ ओढावी. आणि मूर्ती कूलरच्या झोतात वाळत ठेवू नये.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर:
पट्ट्यांचे आणि वासाचे म्हणणे मला मान्य आहे. यापुढे तैलवॉशचे काम पहाटे गच्चीवरच करीन. घोड्यांच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही, कारण घोड्याच्या रुंद, गुळगुळीत पुठ्ठ्यावर पाण्याच्या वॉशची कड हमखास दिसते, तर तैलरंग बराच वेळ ओला राहत असल्याने ब्रशने सरकवत पोटाखाली नेता येतो.