ग्रीक पुराणातल्या निम्फ मरतात की नाही?

निवांत_वाचक:
मंडळी, सध्या होमरचं ओडिसी महाकाव्य वाचतोय. त्यात कॅलिप्सो नावाची निम्फ (झरे, झाडं, डोंगर, समुद्र यांत राहणारी देवतेसारखी स्त्री) नायक ओडिसियसला सात वर्षं बेटावर ठेवून घेते आणि वर म्हणते तुला अमर करते, म्हणजे ती स्वतः अमरच असणार ना? पण दुसरीकडे वाचलं की झाड तोडलं की त्यातली निम्फ पण जाते. मग या देवी की कोण?

डोमकावळा:
सगळ्यांना एका मापात बसवू नका, डोकं फिरेल. कॅलिप्सो थेट आकाश पेलणाऱ्या अ‍ॅटलसची पोरगी, ती अमर. डोंगरातल्या, झाडांवरच्या वेगळ्या. प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीचं होमरच्या नावावरचं जुनं स्तोत्र आहे, त्यात ती आपलं बाळ एनियस अशा निम्फांकडे वाढवायला देणार असते आणि सांगते की या ना माणसांत ना देवांत, खूप जगतात, पण त्या जन्मल्या की सोबत फरचं झाड नाहीतर ओक उगवतो आणि तो वाळला, साल गळाली, फांद्या पडल्या की हिचाही जीव जातो. खूप म्हणजे किती, तर जुना ग्रीक कवी हेसिऑडच्या नावावर हिशोब आहे: कावळा जगतो माणसाच्या नऊ पिढ्या, हरीण चार कावळ्यांइतकं, डोमकावळा (आलो बघा मी) तीन हरणं, फिनिक्स हा कथेतला पक्षी नऊ डोमकावळे आणि निम्फ दहा फिनिक्स. गुणाकार करा, ९,७२० पिढ्या!

झणझणीत:
देवी की कोण काय विचारता, पाताळातल्या नदीची निम्फ स्टिक्स बघा. जलदेव ओशनसच्या तीन हजार मुलींतली एक, पण आधीच्या पिढीतल्या देवांशी, टायटनांशी, युद्ध झालं तेव्हा पोरंबाळं घेऊन देवांचा राजा झ्यूसकडे सगळ्यात आधी हीच धावली, म्हणून देवांची शपथ तिच्या पाण्यावर. खोटी घेतली तर देव वर्षभर श्वासाशिवाय पडून राहणार आणि पुढची नऊ वर्षं ना सभेला ना पंगतीला. आणि समुद्रातली निम्फ थेटिस! हेरा, पोसायडन, अथीना हे देव झ्यूसला बांधायला निघाले होते, तेव्हा शंभर हातांच्या ब्रिआरिउसला बोलावून तिनेच त्याला सोडवलं. लोकांना मात्र फक्त ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीसची आई म्हणून माहीत.

पाणवठा:
+१. पण साध्या माणसाला हे वंशवृक्ष कुठे पडलेले, त्याच्या निम्फ गावच्या झऱ्यावर नाहीतर गुहेत, आपल्याकडे विहिरीवर साती आसरा असतात तशा. अथेन्सजवळ व्हारीची गुहा बघा, इ.स.पू. पाचव्या शतकात थेरा बेटावरच्या आर्किडेमॉस नावाच्या माणसाने निम्फांच्या सांगण्यावरून ती घडवली असं तो स्वतःच कोरून ठेवतो, वर स्वतःला निम्फांनी झपाटलेला म्हणवतो आणि हातात हत्यारं घेतलेलं आपलं चित्रही कोरतो. कारागिरी यथातथाच. तिथेच एक सूचना पण आहे, आतडी बाहेर धुवा, घाण साफ करा.

निवांत_वाचक:
आतडी??

पाणवठा:
बळीच्या जनावराची हो. कोरिंथच्या बाजूला पित्साच्या गुहेत १९३४ साली रंगवलेल्या लाकडी पाट्या सापडल्या, इ.स.पू. ५४०-५३० च्या सुमाराच्या, निम्फांना वाहिलेल्या. एकीवर मेंढरू वेदीकडे चाललंय, सोबत वाजंत्री. लाल-निळा रंग अजून दिसतो, अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, फोटो शोधा.