मदत हवी आहे: व्याह्यांनी टर्कीच्या शिकारीला बोलावलंय. व्हिजिटर व्हिसावर जावं का?

कोयनाकाठ

मंडळी, नमस्कार. मी पाटण तालुक्यातला, वय ६४. सध्या सौ.सह लेकीकडे पेनसिल्व्हेनियात आलोय, जुलैत परत. जावई इथलाच. व्याह्यांचा उत्तरेला पॉटर काउंटीत 'कॅम्प' आहे. कॅम्प म्हटल्यावर मी तंबू समजलो होतो. निघालं डोंगरातलं लाकडी घर, आठ माणसं झोपतील एवढं. मेच्या सुरुवातीला ही सगळी मंडळी तिथे जमतात: व्याही, त्यांचे दोन भाऊ, कारखान्यातला एक जुना सोबती आणि यंदा पहिल्यांदाच बारा वर्षांचा पुतण्या. शनिवारी पहाटे रानटी टर्की पक्ष्याची शिकार. यंदा आमंत्रण मलाही आहे.

आता अडचण. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर व्याह्यांनी कपाटातून बारा बोअरची बंदूक काढली, उघडून रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि "वजन बघा" म्हणून माझ्या हातात दिली. मी घेतली. तेवढ्यात लेक आतून ओरडत आली, "बाबा, ठेवा ती खाली!" तिचं म्हणणं, व्हिजिटर व्हिसावर बंदुकीला हात लावणं हाच गुन्हा आहे. व्याही म्हणतात, घरातल्या घरात कसला गुन्हा. जावई दोघांच्या मध्ये बसून आइस्क्रीम खात होता.

बंदुकीचं मला अप्रूप नाही. वडिलांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. गज धरून उभं राहणं हे माझं काम. बार झाला की अर्धा दिवस हाताला दारूचा वास. ७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वडिलांनी ती जमा केली, त्यालाही आता जमाना झाला.

जीव घ्यायची हौस या वयात उरलेली नाही. पण व्याही मनापासून बोलावतायत. आमचं एरवी बोलणं म्हणजे हवापाणी आणि "जेवण छान झालंय" एवढंच. दोन दिवस डोंगरात एकत्र काढायला मला आवडेल. तर जाणकारांनी सांगावं: कायदा नक्की काय? बंदूक न धरता मी तिथे काही कामाचा ठरेन का? आणि गुडघे जेमतेम असलेल्या माणसाने काय तयारी करावी?

---

मोनोंगाहेला

काका, लेकीचं बरोबर आहे. फेडरल कायद्याचं कलम ९२२ बघा. नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. व्हिजिटर त्यात आलाच, आणि एच-१बी वालेही येतात, हे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या पोरांना माहीत नसतं. अपवाद थोडे आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणं. तो नसेल तर "जरा धरा, मी कुंपण ओलांडतो" म्हणून दिलेली बंदूकसुद्धा धरू नका. 'बाळगणं' हा शब्द वाटतो त्यापेक्षा बराच लांब जातो. रविवारी झालं ते झालं, पुन्हा नको.

परवाना काढायचा तर पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा काढणाऱ्याला सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. किंवा मोठ्यांसाठी 'मेंटॉर्ड' परमिट आहे, त्यात कोर्स लागत नाही, पण परवानाधारक मेंटॉर सतत जवळ हवा. परराज्यातल्यांना शंभर डॉलरच्या आसपास पडतं. तरीही व्हिसाच्या बाबतीत एखाद्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय बंदूक उचलू नका. इथे फोरमवर मिळालेला सल्ला विमानतळावर दाखवता येत नाही.

---

कोयनाकाठ

आभारी आहे. बंदूक बाद. पण व्याही म्हणतात, तुम्ही नुसती पेटी वाजवा. लाकडाची छोटी पेटी असते, झाकण कडेवर घासलं की मादीचा आवाज निघतो. त्यात तर काही नाही ना?

---

मोनोंगाहेला

आहे. 😀 पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पाठलाग, माग काढणं, दबा धरून बसणं यांच्यासोबत आवाज देऊन बोलावणंही आहे. म्हणजे रानात पेटी वाजवणारा हातही शिकाऱ्याचाच, मग बंदूक कुणाच्याही मांडीवर असो. परवाना नसेल तर पेटी कॅम्पच्या ओसरीवर हवी तेवढी वाजवा, रानात खिशात ठेवा. नुसतं सोबत बसण्याबद्दल व्याह्यांना गेम कमिशनच्या (राज्याचं शिकार आणि वन्यजीव खातं) विभागीय कार्यालयात एक फोन करायला सांगा. तिथले लोक नीट उत्तर देतात.

---

शेवंती_८

विषयाला धरून नाही, पण राहवत नाही म्हणून विचारते. विणीच्या हंगामात पक्षी मारायचा आणि वर त्याला कौटुंबिक स्नेहमेळावा म्हणायचं? आपल्याकडे ज्यासाठी तुरुंगात टाकतात त्याची इथे तयारी विचारली जातेय.

---

सात_मे_महिने

शेवंतीताई, प्रश्न रास्त आहे, पण हिशेब निराळा आहे. वसंतात फक्त 'दाढी'वाला पक्षी मारता येतो. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारखा पिसांचा झुपका, तो बहुतेक नरांनाच असतो. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि अंडी उबवण्यात त्याचा काडीचा वाटा नसतो. हंगामही माद्या अंड्यांवर बसायला लागल्यावरचा ठरवतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी बहुतेक राज्यांतून जवळपास संपला होता. फार्मवर वाढवून सोडलेले पक्षी रानात तगेनात. मग रानटी कळप जाळ्याने धरून दुसऱ्या रानात सोडले, तेव्हा जम बसला. त्यात १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा पैसा मोठा. शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. तरीही तुम्हाला पटू नये, हे मला पटतं. माझ्या बायकोलाही पटलेलं नाही.

आता काका, तुमच्यासाठी. मी इथे सात मे महिने काढलेत (आणि दोनच पक्षी आणलेत), त्यामुळे पहाट कशी जाते ते सांगतो.

चारला उठवतील. थंडी असते, गवतावर हिम पडलेलं असू शकतं. अंधारात चालत जाऊन जाडजूड झाडाला पाठ टेकून बसायचं, खोड खांद्यांपेक्षा रुंद हवं. एक तर पाठीमागून येणाऱ्या कुणाचा छर्रा लागत नाही, दुसरं म्हणजे तुमची आकृती लपते. टर्की रात्री झाडावर झोपते. उजाडायच्या आधी कुणीतरी तोंडाने घुबडाचा आवाज काढतो आणि वरून नर चिडून ओरडतो. कुठल्या झाडावर आहे ते कळलं की मग मादीचा आवाज, अगदी हळू. उगाच बडबड करायची नाही.

खरी गंमत पुढे. त्यांच्यात रीत अशी की नर एका जागी पंख फुलवून उभा राहतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण म्हणतो, तू इकडे ये. म्हणून तो साठ-सत्तर पावलांवर येतो आणि हटून बसतो, आपलं कुटुंब लग्नात वरातीची वाट बघत बसतं तसा. चाळीस यार्डांच्या आत आल्याशिवाय शहाणा माणूस बार काढत नाही, आणि तोही डोक्या-मानेवर. जवळ आला की 'ढुम्म' असा खर्जातला आवाज येतो, कानाला कमी, छातीला जास्त कळतो. त्या वेळी खोकला आला तर गिळायचा. पापणी हललेलीसुद्धा त्याला दिसते.

दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. आवाज आला म्हणून त्या दिशेने रांगत जायचं नाही. पेनसिल्व्हेनियात वसंतात ते बेकायदा आहे, आणि तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. आणि रानात कुणी अनोळखी दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचं. मराठीत बोललात तरी चालेल, टर्कीला ते येत नाही.

हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी बाराला शिकार थांबते, म्हणजे जेवायला कॅम्पवर. गुडघ्यांसाठी जमिनीपासून चार बोटं उंच असं घडीचं आसन मिळतं, तेवढं मागा.

---

बोरकूट

कपड्यांबद्दल कुणी बोललं नाही. लाल, पांढरा, निळा अंगावर नको, आतला बनियन आणि खिशातला रुमालसुद्धा नको. नराचं डोकं याच तीन रंगांत बदलत असतं. हे पहिल्यांदा आपल्याकडे कुणी टिपलं असेल तर जहांगीर बादशहाने. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून त्याच्यासाठी हा पक्षी आणला. बादशहाने लिहून ठेवलंय की माजावर आला की डोकं पोवळ्यासारखं लाल होतं, मग कापसासारखं पांढरं, कधी फिरोजी, सरड्यासारखा रंग बदलतो. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात आणि तुर्क म्हणतात 'हिंदी'. म्हणजे आपला नाही हे प्रत्येकानेच शेजाऱ्यावर ढकललंय.

---

आत्याबाई_डॉक्टर

पुरुषांनो, गोचीड राहिली. मे महिन्यात लहान अवस्थेतली असते, खसखशीच्या दाण्याएवढी, चावलेलं कळतही नाही. पेनसिल्व्हेनियात गोचिडीतून होणारा लाइमचा आजार भरपूर आहे. पँट मोज्यात खोचा. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी मारून वाळवा, अंगाला लावू नका. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब. परत आल्यावर आंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची खळी, कानामागे सौ.ना बघायला सांगा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चुना, पेटती उदबत्ती, यातलं काहीही नको.

आणि एक महत्त्वाचं. तुम्ही जुलैत परत जाणार. तिकडे गेल्यावर ताप, सांधेदुखी, पसरत जाणारा लाल चट्टा आला तर कराडच्या डॉक्टरांना "मी पेनसिल्व्हेनियाच्या रानात होतो" हे आपणहून सांगा. तिकडे हा आजार कुणाच्या डोक्यात पहिला येणार नाही.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे उपकार. सौ.चा एक प्रश्न आहे. व्याही म्हणे छातीचे तुकडे तळतात आणि तंगड्या टाकून देतात. हे ऐकून तिला रात्री झोप नाही. तिने पाटणहून कुकर आणलाय, मसालाही आहे.

---

तिखटजाळ_न्यू_जर्सी

वहिनींना सांगा, तंगड्या मागून घ्या, लोक आनंदाने देतात. त्यांत हाडासारख्या टणक शिरा असतात, कच्च्यात काढत बसू नका. आलं-लसूण, हळद, मीठ लावून कुकरमध्ये मऊ होऊ द्या. ब्रॉयलरच्या हिशेबाने शिट्ट्या मोजू नका, दुपटीच्या वर लागतील. मांस सुटलं की शिरा आपोआप हाताला येतात. मग त्याच पाण्यात रस्सा. छातीचं मांस मात्र कोरडं, त्याचं सुकं करायचं तर दह्यात रात्रभर. छर्ऱ्याकडे लक्ष. बोटांनी चाचपून मगच ताटात, नाहीतर दाताच्या डॉक्टरचं बिल शिकारीहून महाग.

---

कोयनाकाठ

मंडळी, जाऊन आलो. थोडक्यात लिहितो.

व्याह्यांनी गेम कमिशनला फोन केला. मी बंदूक आणि पेटी दोन्हींपासून लांब राहून बसलो. झाडापाशी तिघे: व्याही, पुतण्या, मी. पावणेसहाला वरून नर ओरडला आणि पोराच्या गुडघ्यावरची बंदूक थरथरायला लागली, नळीचं टोक मला दिसत होतं. नर खाली उतरला, साठ पावलांवर आला, फुलला, आणि कुठूनशी खरी मादी येऊन त्याला घेऊन गेली. तासभर कुणीच काही बोललं नाही. मग व्याही माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, माझंही लग्न असंच झालं.

नऊच्या सुमारास दुसरा आला, न ओरडता, डावीकडून. पोराने बार काढला. मारलेल्या पक्ष्याला परवान्याची चिठ्ठी, म्हणजे टॅग, भरून बांधावा लागतो. गारठलेल्या बोटांनी त्याला टॅगवर लिहिता येईना. दोन वेळा पेन पडलं. तिसऱ्या वेळी मी टॅग माझ्या पाठीवर ठेवायला दिला आणि ओणवा झालो. तिथे लिहून मग पक्ष्याच्या पायाला बांधला. दहा दिवसांत गेम कमिशनला कळवावं लागतं, ते त्याच्या बापाने संध्याकाळी केलं.

तंगड्या आणल्या. सौ.ने सतरा शिट्ट्या काढल्या. व्याही दोनदा रस्सा वाढून घेऊन घामाघूम झाले. अंगावर गोचीड एकच मिळाली, मोज्याच्या वर, मेलेली.

शेवटचा प्रश्न. निघताना व्याह्यांनी ती पेटी मला देऊन टाकली, त्यांच्या वडिलांची आहे. सोबत घासायचा खडू पण. मुंबईला जाताना केबिनमध्ये नेऊ की चेक-इनमध्ये टाकू?

---

सात_मे_महिने

केबिनमध्ये न्या काका, वडिलांची वस्तू चेक-इनमध्ये टाकू नका. फक्त झाकणाला रबरबँड घट्ट लावा. नाहीतर बॅग वर ठेवताना टर्की ओरडेल आणि हवाईसुंदरी विचारेल, काय आणलंय.